चरखा, माग आणि शिक्का : हॅरिस बेटांवरील कापडाची हकीकत

'ट्वीडचा कोट' हे शब्द जुन्या कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या भगिनींच्या परिचयाचे असतील. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेला नायक बहुधा असलाच कोट घालून बोटीतून उतरत असे. परंतु ते जाड, खरबरीत, वाळल्या गवताच्या रंगाचे कापड कोणी विणले आणि ते विणणाऱ्यांच्या घरी त्यावर काय भागले, ह्याची चौकशी आपण सहसा करीत नाही. मंडळाच्या उद्योग-विभागाचे काम माझ्याकडे आल्यापासून लहान उद्योग कसे जगतात व कसे बुडतात ह्याविषयी मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला आहे. त्या वाचनात हॅरिस ट्वीडची हकीकत माझ्या हाती आली. ती एका कापडाची हकीकत आहे, तशीच नफा न वाटणाऱ्या एका संस्थेचीही आहे. आणि तिच्यात बायकांच्या कष्टाचा जमाखर्च असा काही मांडला गेला आहे, की तो आपणा सर्वांपुढे ठेवावा असे मला वाटले.

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची एक माळ आहे. लुईस, हॅरिस, नॉर्थ उइस्ट, बेन्बेक्युला, साउथ उइस्ट आणि बारा ही त्यांतील मुख्य. लुईस व हॅरिस ही नावे दोन असली तरी जमीन एकच आहे. मध्ये डोंगर आडवे आल्यामुळे नावे निराळी पडली. ह्या बेटांवर झाडे फार थोडी, वारा बारमाही आणि पाऊस केव्हाही. सरपणासाठी दलदलीतील 'पीट' नावाची काळी माती विटांसारखी कापून वाळवावयाची व तीच चुलीत घालावयाची. लोकांची जुनी भाषा गेलिक. लहानशा तुकड्यावर कुळाच्या नात्याने राहणारा जो शेतकरी, त्याला तिकडे 'क्रॉफ्टर' म्हणतात. त्या तुकड्यावर वर्षाचे धान्य पुरेसे पिकत नसे. म्हणून मासेमारी, मेंढ्या आणि असेल ती मजुरी अशा तीन-चार धाग्यांनी संसार शिवावा लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रातील शेवाळ जाळून त्याची राख विकण्याचा धंदा येथे तेजीत होता. नेपोलियनची युद्धे १८१५ साली संपली, परदेशी माल पुन्हा स्वस्त येऊ लागला आणि हळूहळू तो धंदा बसला. मग जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या. हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरील गवताळ, सुपीक जमिनीवरून गावेच्या गावे उठविली गेली. काही लोक अमेरिकेच्या बोटींत चढले, काही पूर्व किनाऱ्यावरील खडकांत येऊन राहिले. तेथे माती इतकी विरळ होती, की शेवाळ व पीट वाहून आणून वाफे रचावे लागत, आणि मृतांना पुरण्यासाठी शवपेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेकडे जावे लागे. अशा जमिनीत एकच पीक भरवशाचे, ते म्हणजे बटाटा. १८४६ साली त्या बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळाने घर गाठले.

कापड ह्या बेटांवर आधीपासून होतेच. त्याला गेलिकमध्ये 'क्लो मोर', म्हणजे मोठे कापड, असे म्हणत. ते घरच्यासाठी विणले जाई आणि प्रसंगी खंडाच्या भरपाईतही दिले जाई. त्याची कृती पाहिली म्हणजे त्यात बायकांचा हात किती ठिकाणी होता ते कळते. लोकर धुवावयाची, खडकांवरचे 'क्रॉटल' नावाचे दगडफूल खरवडून आणून लोखंडी कढईत लोकरीबरोबर थराथराने घालून उकळावयाचे, म्हणजे तांबूस तपकिरी रंग चढतो. मग पिंजणे, मग चरख्यावर कातणे, मग माग. विणून झालेले कापड सैल असते. ते आटून घट्ट व्हावे म्हणून शिळ्या मूत्रात भिजवीत, आणि आठ-दहा बायका लांब फळीच्या दोन्ही अंगांना बसून ते एकतालात आपटीत व पुढे सरकवीत. त्या तालावर गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा दळणाबरोबर जन्मल्या, तशी तिकडची ती गाणी ह्या आपटण्याबरोबर जन्मली. आपला धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतो, त्याचेही काम असेच कष्टाचे. परंतु त्या बेटावरील आपटणीचे काम केवळ बायकांचे होते.

हॅरिसची जहागीर १८३४ साली डनमोरच्या अर्लने विकत घेतली होती. पुढे त्या घराण्याची सून कॅथरीन ही १८४५ साली विधवा झाली आणि मुलगा लहान असल्यामुळे जहागिरीचा कारभार तिच्याकडे आला. १८४६ च्या सुमारास तिने आपल्या घराण्याचा चौकड्यांचा नमुना हॅरिसच्या विणकरांकडून ट्वीडमध्ये विणवून घेतला व आपल्या नोकरांना त्याचे पोशाख केले. कापड उत्तम उतरले. वारा आणि पाऊस दोन्ही अडविणारे हे कापड शिकारीला जाणाऱ्या सरदार-दरकदारांना आवडेल हे तिने ओळखले आणि आपल्या ओळखीच्या घरांतून त्याची मागणी निर्माण केली. धागा एकसारखा यावा, वीण सारखी बसावी म्हणून काही मुलींना तिने आपल्या खर्चाने मुख्य भूमीवर ॲलोआ येथे शिकावयास पाठविले. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्या जमीनदारीने कुळांना खडकांवर लोटले, तीच आता त्यांच्या चरख्याला गिऱ्हाईक आणीत होती. उपकाराचे श्रेय कॅथरीनबाईंना द्यावे. पण तो उपकार कोणत्या जमिनीवर उभा होता हेही लिहून ठेवावे.

तिच्यानंतर हे काम एका घराण्याच्या हातून संस्थांच्या हाती आले. नौदलाच्या एका मोजणी अधिकाऱ्याची पत्नी फॅनी थॉमस हिने एडिनबरोत व पुढे लंडनमध्ये ह्या मालाची विक्री चालविली. १८८९ साली 'स्कॉटिश होम इंडस्ट्रीज असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. सदरलंडच्या डचेस मिलिसेंट ह्या पुढे तिच्या अध्यक्ष झाल्या. खेड्यापाड्यांतील घरगुती माल गोळा करावा, त्याची प्रदर्शने भरवावी, शहरात दुकान ठेवावे आणि कारागिरास रोख पैसा द्यावा, हे तिचे काम. 'रोख' ह्या शब्दाला फार अर्थ आहे. बेटावरील दुकानदार कापड घेत, पण पुष्कळदा पैसे न देता त्याबदली चहा, साखर, पीठ देत. म्हणजे कापडाचा भावही त्यांचा आणि पिठाचा भावही त्यांचाच. बाईने महिनोन् महिने कातलेला धागा शेवटी उधारीच्या वहीत जिरून जाई. सावकाराची वही आपल्या खेड्यांनीही पाहिली आहे, तेव्हा ह्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

कापडाला नाव मिळाले की नावाला चोर मिळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकर पिंजण्याच्या गिरण्या बेटांवर आल्या. त्यापाठोपाठ गिरणीचे सूतही आले. मुख्य भूमीवरून आणलेले गिरणीचे सूत घेऊन विणलेले, इतकेच काय, कधी बेटाचे तोंडही न पाहिलेले कापड 'हॅरिस ट्वीड' ह्या नावाने बाजारात जाऊ लागले. भाव घसरले. १९०६ साली स्टॉर्नोवे ह्या बंदराच्या गावी ह्याविषयी सभा भरली. बऱ्याच विचारविनिमयानंतर १९०९ साली 'हॅरिस ट्वीड असोसिएशन लिमिटेड' ह्या संस्थेची नोंदणी झाली.

ह्या संस्थेची रचना आपण लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. नावात 'लिमिटेड' असले तरी नफा वाटून घेणारी ती कंपनी नव्हती. ती कापड विकत घेत नसे, विकतही नसे. तिची मालमत्ता म्हणजे एक शिक्का : पृथ्वीचा गोल आणि त्यावर क्रूस, डनमोर घराण्याच्या चिन्हावरून घेतलेला. १९१० साली तो नोंदला गेला व १९११ पासून कापडावर उमटू लागला. बेटांवरील क्रॉफ्टरांनी हाताने कातलेले, हाताने विणलेले आणि रंगविलेले, असे कापड निरीक्षकाने तपासावे आणि मगच त्यावर शिक्का मारावा. शिक्क्याबद्दल जे शुल्क येईल त्यावर संस्थेचा खर्च चालावा. अशा रीतीने नाव कोणा एका व्यापाऱ्याचे राहिले नाही. ते बेटांचे झाले. कोणत्याही लहान घरी विणलेला तुकडा, तो खरा असला म्हणजे, त्याच शिक्क्याने लंडनच्या दुकानात जाऊ शकत होता.

मग पहिले महायुद्ध आले. ह्या बेटांतून नौदलात गेलेले तरुण युद्ध संपल्यावर घरी परतत असता १ जानेवारी १९१९ च्या पहाटे 'आयोलेअर' ही त्यांची बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी, घरचे दिवे दिसत असता, खडकांवर आपटून बुडाली. दोनशेंहून अधिक माणसे गेली. ज्या गावांनी युद्धात मुलगे गमावले होते, त्यांनी शांततेच्या पहिल्या नववर्षदिनी आणखी गमावले. त्याच सुमारास साबणाच्या धंद्यात गबर झालेले लॉर्ड लेव्हरहुल्म ह्यांनी लुईस व पाठोपाठ हॅरिस विकत घेतले आणि मासळीचा प्रचंड कारखानदारी उद्योग उभारण्याचे बेत केले. युद्धाहून आलेल्यांना हवी होती जमीन. लॉर्डसाहेब देऊ करीत होते नोकरी. दोहोंचा मेळ बसला नाही. १९२३ साली त्यांनी लुईसचा नाद सोडला, आणि त्याच वर्षी 'मेटॅगामा' नावाच्या बोटीतून लुईसचे सुमारे तीनशे तरुण कॅनडाला निघून गेले. ज्याच्या एका इच्छेवर सारे उभे असते, तो उद्योग त्याचे मन फिरताच कसा ओस पडतो, ह्याचे हे उदाहरण होय.

त्या पडझडीत टिकला तो घरातला माग. ह्याच काळात 'हॅटर्स्ली' नावाचा पायाने चालणारा लोखंडी माग बेटांवर आला. पाय हलविले की धोटा आपोआप इकडून तिकडे जाई. एक हात गमावून आलेल्या शिपायालाही तो चालविता येई. वेग वाढला, आणि वेगाबरोबर सुताची भूक वाढली. विणणाऱ्या एकाला पुरेल इतके सूत कातावयास अनेक चरखे लागतात, हे ज्यांनी खादीचे काम पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. लुईसमधील विणकर स्टॉर्नोवेच्या गिरण्यांचे सूत वापरू लागले, आणि हातकताईची अट असल्यामुळे त्यांच्या कापडाला शिक्का मिळेना. शिक्का होता चरख्यापाशी. कापड निघत होते गिरणीच्या सुतातून.

१९३४ साली असोसिएशनने व्याख्या बदलली. लोकर निखळ, स्कॉटलंडची. ती कातावयाची, रंगवावयाची व कापडाची शेवटची प्रक्रिया करावयाची ती आउटर हेब्रिडीजमध्येच. आणि विणकाम बेटवासीयांनी आपल्या घरी हातमागावर करावयाचे. हाताने कातण्याची अट गेली. बेटांवरील गिरणीत कातलेले सूत चालू लागले. परिणाम तत्काळ दिसला. शिक्का मारलेल्या कापडाचे प्रमाण थोड्याच काळात कित्येक पटींनी वाढले. पुढे १९६६ साली तर ते ७६ लाख वार इतके झाले. हा त्या उद्योगाचा कळस.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. चरखा थांबला. खडकाळ किनाऱ्यावरील ज्या म्हाताऱ्या, विधवा, घर सोडून कोठे जाऊ न शकणाऱ्या बायका सूत कातून चार पैसे मिळवीत, त्यांचे काम गिरणीत गेले. हॅटर्स्ली मागावर बहुतेक पुरुष बसू लागले. घरातील बायकांकडे कांड्या भरणे आले, आणि त्या कांड्यांचा दाम विणकराच्या मजुरीतच मिसळून गेला. कापड आपटण्याचे कामही गिरणीने घेतले. ती गाणी कामातून सुटून संग्रहात आणि सभांत गेली. आकडे वाढले, बेटांवर पैसा आला, तरुणांना थांबावयास कारण मिळाले, हे सर्व खरे. पण ज्या हातांच्या पुण्याईवर शिक्का जन्मला होता, तेच हात नव्या व्याख्येत उरले नाहीत, हेही तितकेच खरे.

मग १९३४ चा निर्णय चुकीचा होता काय? मी पुष्कळ विचार केला. माझे मत असे झाले की, व्याख्या न बदलती तर शिक्का जिवंत राहता, पण त्याखाली कापड उरले नसते. चरखा कोणत्याही वाटेने मंदावलाच असता. असोसिएशनने एक गोष्ट सोडली आणि दोन घट्ट धरल्या : सारे काम बेटांवरच, आणि माग विणकराच्या घरी. ह्या दोन अटींमुळे कारखानदाराला सारे माग एका छपराखाली आणता आले नाहीत आणि मजुरी बेटाबाहेर गेली नाही. तथापि, कातणाऱ्या बायकांना त्या बदलाच्या बदली काय मिळाले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. गिरणीत त्यांना पहिला हक्क, निदान काही काळ हातसुताला वेगळा चढा भाव, असे काही करता आले असते असे मला वाटते. संस्था नफा घेत नाही एवढ्यावरून तिच्या निर्णयाचा भार कोणावर पडत नाही, असे होत नाही.

ज्या दोन अटी धरल्या होत्या, त्यांची परीक्षा पुढे न्यायालयात झाली. मुख्य भूमीवर कातलेल्या सुताचे कापडही हॅरिस ट्वीड म्हणून विकू द्यावे, असे म्हणणारे काही उत्पादक उभे राहिले. एडिनबरोच्या न्यायालयात दीर्घकाळ सुनावणी चालली आणि १९६४ साली लॉर्ड हंटर ह्यांनी निकाल दिला : सारी कृती बेटांवर झाली असेल तरच ते नाव. नाव वाचले. परंतु फॅशन कोणाच्या निकालाने थांबत नाही. हलक्या, कृत्रिम धाग्यांच्या कापडांनी १९७० नंतर मागणी ओढून नेली. त्या दिवसांत विणकरांपुढे वीजमागांचा प्रस्ताव आला. माग घरातून काढून छपराखाली न्यावे असे त्यात होते. विणकरांनी तो नाकारला. पुढे १९९३ साली ब्रिटिश संसदेने 'हॅरिस ट्वीड ॲक्ट' संमत केला, असोसिएशनची जागा कायद्याने स्थापलेल्या 'हॅरिस ट्वीड ऑथॉरिटी'ने घेतली, आणि घरच्या मागाची व बेटांवरील कृतीची अट आता कायद्याची झाली. आपल्याकडेही काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला आहे, त्याची येथे आठवण होते.

कायद्याने नाव राखता येते, गिऱ्हाईक आणता येत नाही, हेही पुढे दिसून आले. २००४ साली नायकी ह्या अमेरिकन कंपनीला बुटांसाठी हॅरिस ट्वीड हवे झाले. मागणी गेली ती लस्कंटायर येथील आपल्या छपरीत एकट्याने विणणाऱ्या एका विणकराकडे! मागणी हजारो मीटरांची. त्याने ती इतर विणकरांत वाटून पुरी केली. सर्वांचा शिक्का एक, म्हणूनच ते शक्य झाले. याउलट, २००६ साली स्टॉर्नोवेची सर्वांत मोठी गिरणी एका धनिकाने घेतली आणि हजारो नमुने बंद करून अवघे चार ठेवले. विणकरांचे माग थंडावले. दुसऱ्याच वर्षी शॉबोस्ट येथील गिरणी नव्या मंडळींनी उघडली आणि काम पुन्हा मागांकडे वाहू लागले. घरातला माग सुताच्या व प्रक्रियेच्या गिरणीवाचून चालत नाही, आणि ती गिरणी एकाच्याच मुठीत असली तर शिक्काही दुबळा ठरतो, हा त्यातील बोध.

आपल्या मंडळाच्या उद्योग-विभागापुढे हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा आहे. गोधड्यांना यंत्राची शिलाई चालवावी काय? मसाला डंकावर कांडून 'घरगुती' म्हणावे काय? काही भगिनी म्हणतात, मागणी इतकी आहे की हाताने पुरत नाही. काही म्हणतात, हातच काढला तर आपल्याकडून घ्यावयाचे कशाला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि हॅरिसच्या इतिहासावरून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या मालावर जे नाव घालतो त्याची व्याख्या कागदावर असावी व ती गिऱ्हाइकाला वाचता यावी; काय हाताने केले आणि काय यंत्राने, ते स्पष्ट लिहावे. दुसरी, ते नाव मंडळाचे असावे, कोणा एका पुरवठादाराचे नसावे. आणि कच्चा माल एकाच दुकानावर अवलंबून ठेवू नये. तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी की, व्याख्या बदलण्यापूर्वी जिचे काम त्या बदलाने जाणार तिला सभेत बोलवावे, तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे आणि तिच्यासाठी दुसरे काम ठरल्याखेरीज ठराव संमत करू नये.

आपल्याकडे टाका घालणाऱ्यांत चौघी सत्तरीच्या पुढच्या आहेत. येत्या वार्षिक सभेत गोधडीचा विषय निघेल तेव्हा त्या चौघी पुढच्या रांगेत बसलेल्या असाव्यात, एवढी माझी सर्व सभासद भगिनींना विनंती आहे.